नळीचं दुसरं टोक

मी सांगते आन नात लिवते. मधीच थांबून ती बोलते, "आजी, हे असं नाय बोलत." मी बोलते, तू शिकलेली हायस, तुझं तुझ्या वहीत लिव. हितं माझं लिव. राग आला तर रागच लिव, त्याला साखर लावू नको.

आमचा पाडा शेणव्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत. वीस-बावीस घरं. जमीन कुनाचीच नाय म्हनावी अशी, दुसऱ्याच्या खाचरात भाताची आवनी करायची आन आवनी सपली की मिळंल त्या कामाला जायचं. माझी शाळा दुसरीपातूर. नवरा गेला तवा पोरगा अंगावर पीत होता. त्याला पाठीला बांधून मी गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हनून गेले, ती केस पांढरे होईपातूर तेच केलं. सापगाव, शहापूर, मुरबाड. मुरबाडच्या बाजारात आजबी उभ्या हायत अशा कितीतरी भिंतींना माझा हात लागलाय. त्या भिंतींच्या मालकांना ते ठावं नाय, आन ठावं करून घ्यायची त्यांना गरजबी नाय.

बिगारी म्हंजे वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवर चढायचं. आन नळी धरायची. नळी साधीच, आरपार दिसनारी, बोटायेवढी जाड, वीस-पंचवीस हात लांब. तिच्यात पानी भरायचं. एक टोक गवंड्याच्या हातात, दुसरं माझ्या. मधी भिंत असू दे, खड्डा असू दे, खडीचा ढीग असू दे, दोन्ही टोकांतलं पानी एकाच उंचीला उभं ऱ्हातं. गवंडी त्याच्या कोपऱ्यात खूण करनार आन तिकडनं ओरडनार, "वर घे. खाली. अजून खाली. बास." मंग मी माझ्या कोपऱ्यात खूण करनार. अशी अख्ख्या घराची लेवल फिरायची. हजेरीच्या वहीत त्याच्या नावाफुडं गवंडी, माझ्या नावाफुडं बिगारी. मी एकदा इचारलं, एका टोकानं लेवल लागती का ओ? तर तो बोलला, "तू टोक धर, तोंड धरू नको."

पन शिकवलं त्यानंच, ते खोटं कशाला बोलू. कुठल्याबी कामाला गेलो की पयला झिरो ठरवायचा. उंबऱ्याला धर, न्हानीच्या फरशीला धर, रस्त्याच्या कडंला धर. "झिरो आपल्या मर्जीचा," तो बोलायचा. "त्यानं भिंतीला काय फरक पडत नाय. पन दुसऱ्या गवंड्याचा आकडा कानावर आला तर लगेच इस्वास ठेवू नको. त्याचा झिरो त्याचा, आपला आपला. आपल्या झिरोपासनं नळी घेऊन त्याच्यापातूर जा, मंगच तोंड उघड." आन दुसरं शिकवलं, चारी कोपरे फिरून पयल्या खुणेवर परत यायचं. मिळाली तर बरं. नाय मिळाली तर कोनतरी खोटं बोललंय, एक तर नळी नायतर धरनारी. बऱ्याच येळा नळीत बुडबुडा असायचा. शिवी मात्र धरनारीला बसायची.

मुरबाडलाच एका बंगल्याच्या दुसऱ्या माळ्यावर मी माल नेत होते. परांचीची फळी सुटली आन मी घमेल्यासकट खाली आले. हे मी नातीबिगर कुनालाच सांगितलेलं नाय. सांगून काय, पडायचं ते पडले. पडायला येळ किती लागला असंल, डोळा मिटून उघडायचा. पन तेवढ्यात मला एक गोष्ट कळली. घमेलं चुंबळीवरच बसलेलं होतं, त्याची कड माझ्या हातात होती, आन वझं नव्हतं. अख्खा दिस मान मोडनारं वझं, पडताना पिसावानी. मीबी पडत होते, घमेलंबी पडत होतं, दोघांना एकमेकांचा काय भारच नाय. मला वाटलं मेल्यावर असंच वाटत असंल.

वाळूच्या ढिगावर पडले म्हनून जगले. खुबा मोडला. मुकादम धावत आला, वाकून बघितलं आन पयला शब्द बोलला, "माल गेला का सगळा?" तवापासनं माझा उजवा पाय आखूड हाय. लोकांना वाटतं जन्माचाच.

नात माझ्या पोराची पोरगी. शहापूरला बारावी केली, मंग मुंबैला, आन आता लांब कुठंतरी मोठ्या ठिकानी, भौतिकशास्त्राचं सगळ्यात वरचं शिक्षन. उन्हाळ्यात घरी आली की ओसरीवर बसून वहीत आकडे बी नाय आन अक्षरं बी नाय असं कायतरी लिवत बसते. शेजारीन मला डिवचते, "तुझ्या नातीला नोकरी नाय, लगीन नाय. वही मात्र चौथी भरली." मी बोलते, तुझ्या नातवानं मोबाइल भरला, माझ्या नातीनं वही.

एका दुपारी मीच इचारलं, "काय शिकतेस गो नेमकं?"

"वस्तू खाली का पडतात ते."

"इतकी वरसं? ते म्हशीलाबी ठावं हाय. म्हनून ती कड्यावर जात नाय."

ती हसली. "पडतं हे म्हशीला ठाऊक आहे, आजी. का पडतं हे अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाय. आता बघ, समज एखादा माणूस उंचावरनं पडतोय आणि त्याच्या डोक्यावर ओझं आहे. पडताना त्या ओझ्याचा भार त्याला..."

"लागत नाय," मी बोलले.

तिचा पेन थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

मंग मी सांगितलं. मुरबाड, फळी, घमेलं, खुबा. मुकादम काय बोलला तेबी. ती माझ्या पायाकडं बघत ऱ्हायली. मंग बोलली, "आजी, आमचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. ज्याला ती पहिल्यांदा सुचली तो खुर्चीत बसला होता म्हणतात."

"त्याचा पाय मोडला का?"

"नाय."

"मंग बरं हाय त्याचं."

मला राग आला, तिच्यावर नाय. जे मला खुबा मोडून कळलं ते खुर्चीतल्या मानसाला बसल्या जागी कळलं, त्याचं नाव झालं, आन मला इचारलं की माल गेला का. पन नात थांबेना. तिला बोलायचंच होतं.

"म्हणजे बघ, वजन हे एका जागी पुसता येतं. पडणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर वजन नायच. पण सगळ्या जागी एकदम पुसता येत नाय. इथलं पुसलं की तिथलं उरतं."

"कारन तिथला झिरो येगळा."

ती माझ्याकडं अशी बघाया लागली जशी म्हैस बोलली. "हो. प्रत्येक जागेला आपला झिरो, आपला ओळंबा, आपलं माप निवडायची मोकळीक द्यायची. कुणी काहीही निवडो, जगाचा नियम बदलता कामा नये. एवढी एकच अट. आणि ही अट पाळायची म्हटली, की इथलं माप तिथल्या मापाशी जुळवायला मधे काहीतरी लागतंच. ते नसेल तर दोन जागांची तुलनाच करता येत नाय."

"नळी लागते."

"नळीच." तिनं वहीच्या कडंला नळी काढली. "आमच्यात या विचाराला गेज म्हणतात. विजेचं आणि चुंबकाचं बळ याच विचारातनं निघतं. गुरुत्वाकर्षणही तसंच बघायचं, यावर माझं काम आहे. जागोजागचे मोकळे झिरो आणि त्यांना जोडणारी नळी. ते जोडणंच म्हणजे गुरुत्वाकर्षण."

"आन ओळंबा? दोरीला लोंबतो तो तर सगळीकडं सरळच."

"तुझा ओळंबा पृथ्वीच्या पोटाकडं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचा पण पोटाकडंच. दोघं आपापल्या जागी सरळ आणि एकमेकांना उलटे."

हे मला पटायला येळ लागला. तवा तिनं चुलीजवळचं रिकामं मडकं आनून पालथं घातलं आन एक काडी घेतली. बोलली, ही काडी हातात न फिरवता सरकवत न्यायची. वर आलेल्या बुडाच्या मधापासनं सरळ खाली पोटापातूर, मंग पोटाला धरून पाव फेरा बाजूला, आन परत वर त्याच जागी. मी नेली. निघताना काडी माझ्याकडं बघत होती, परत आली तर बाजूला बघत होती. मला वाटलं माझा हात फिरला. तीनदा केलं. मंग अंगनात सपाट जिमिनीवर तशीच फिरवून आनली, तर जशी नेली तशी परत.

"मडक्याला पोट हाय म्हनून," मी बोलले.

"तेच. तू कुठला झिरो धरलास, कुठलं माप घेतलंस, यानं हे पुसता येत नाय. फेरी मारून आल्यावर जे उरतं ते खरं. जिथं काहीतरी जड असतं तिथं जगालाच असं पोट येतं. आणि मग वस्तू त्याच्या अंगानं जातात. आपण म्हणतो पडल्या."

मी मडकं परत ठेवलं. मला पुरतं कळलं असं नाय बोलनार. पन गवंड्यानंतर इतक्या वरसांत नळीबद्दल माझ्याशी कोन बोललं असंल तर ती पयलीच.

आता पान्याचं सांगते, कारन राग तिथला हाय.

नळाची योजना आली. खालच्या गावाच्या टेकाडावर टाकी झाली. तिथनं चर खनून तीन पाड्यांना पाइप जानार होते. मंग कळलं दोनच पाड्यांना. आमचा वगळला. आमची विहीर खाली घळीत, पायऱ्या निखळलेल्या, चैत्रापासनं तळाला वाटीवाटीनं पानी भरायचं. माझी सून दोनदा हंड्यासकट घसरली. एकदा मनगट गेलं. म्हनून ग्रामसभेला मी गेले, आखूड पाय घेऊन.

सायेब आला होता, शर्टाच्या खिशाला दोन पेन. मी इचारलं, आमचा पाडा का नाय? तो कागद बघून बोलला, "आजी, तुमचा पाडा टाकीपेक्षा तीन मीटर उंच आहे. पाणी स्वतःहून वर चढत नाही. हे विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मंडळी हसली. खालच्या गावचे तर मान मागं टाकून हसले. माझ्या तोंडावर आलं होतं की विज्ञान माझ्या ओसरीवर बसून भाकऱ्या खातं. नाय बोलले. मी आयुष्यभर पानी हातात धरून उभी ऱ्हायले, पानी कुठं उभं ऱ्हातं ते मला हा सांगनार. टाकीच्या कामाला मी नव्हते, पन टेकाड मला ठावं होतं. पाड्यातनं बघितलं की टेकाड डोळ्याच्या वर दिसतं. डोळा फसवतो म्हना. पन तीन मीटर?

नातीनं त्या कागदाची झेराक्स मिळवली. ओसरीवर बसून वाचली आन उठून उभी ऱ्हायली. "आजी, टाकीची उंची रस्त्याकडेच्या नव्या मोजणीच्या दगडापासून घेतली आहे. पाड्याची उंची शाळेजवळच्या जुन्या दगडापासून. कुणीतरी दोन आकडे घेऊन वजाबाकी केली."

"दोन झिरो."

"दोन झिरो."

"आन मधी नळी कोनी नेली?"

"कुणीच नाय."

मी उठले. आत गेले, भाकरीला पीठ घेतलं आन ते इतकं मळलं की सून बोलली, आता त्याच्या भाकऱ्या नाय व्हायच्या. दुसरी नापास पोरीला गवंड्यानं जे पयल्या दिशी शिकवलं ते या लोकांना ठावं नाय आन यांच्या खिशाला दोन पेन. हा सायेब आमच्या अंगनात कधी आलाच नाय. दगडाला इचारलं, कागदाला इचारलं, आमाला नाय इचारलं.

नातीनं अर्ज केला. उत्तर नाय. दुसरा केला, तर बोलले नोंद घेतली. तवर चर आमच्या फाट्यापातूर आला. पाइपाच्या कामाचा मुकादम बोलला आठ दिसांत पाइप टाकून बुजवनार, पावसाच्या आत. एकदा बुजला की आमच्यासाठी परत कोन खननार हाय. म्हंजे आठ दिस होते, आन त्यानंतर आमच्या बाया घळीतच.

मी माळ्यावरनं नळी काढली. जुनी, पिवळी पडलेली. पाड्यातल्या चार बाया, त्यात सून आन शेजारीन, मी आन नात. काठीवर वीत आन बोटं कोरून खुणा केल्या. टाकीच्या तळापासनं निघायचं, नळी पुरंल तिथं खुंटी ठोकायची, दोन्ही टोकांशी पानी जिमिनीपासनं किती उंच उभं हाय ते नात लिवनार. रस्त्यानं पाड्यापातूर जायचं आन जंगलातल्या पायवाटेनं टाकीकडं परत यायचं. शेजारीन बोलली, "पाडा आला की सपलं ना? परत कशाला मरायचं उन्हातनं?" मी बोलले, परत आल्याबिगर खरं कळत नाय. नात गालात हसली.

अख्खा दिस गेला. पाड्यात पोचलो तवा हिशेबात पाडा टाकीच्या खाली आला, चांगला खाली. बायांनी कमरेचा पदर सोडून हवा घेतली. पन टाकीपाशी परत येऊन बेरीज केली, तर पयल्या खुणेपासनं दोन हात चुकलो.

मडक्याचं मी शेजारनीला सांगितलेलं, तिला संधीच मिळाली. "तुझ्या मडक्याला पोट आलं वाटतं."

मी नातीकडं बघितलं. ती मान हलवत बोलली, "नाय गो काकी. इतक्या लहान फेरीत पृथ्वीचं पोट नळीत दिसणार नाय, आणि आपण उंची नेतोय, काडी नाय. ही आपलीच चूक आहे कुठंतरी."

कोनतरी खोटं बोललंय. मी नळी उजेडात धरली, बुडबुडा नव्हता. सकाळी परत निघालो. ह्या खेपंला मी टोक धरलं नाय, नुसती बाजूनं चालले आन बायांच्या हाताकडं बघत ऱ्हायले. तिसऱ्या खुंटीला दिसलं.

सून फुडचं टोक घेऊन चालत होती. चालताना पानी हिंदकळतं, म्हनून तिनं टोकावर अंगठा दाबून धरला होता. त्यात चूक नाय, चालताना दाबायचाच असतो. पन खुंटीपाशी उभी ऱ्हायली तरी अंगठा तिथंच. टोक बंद असलं की आतलं पानी मोकळं हालत नाय, नळी खोटं बोलते.

"अंगठा काढ," मी बोलले.

"सांडंल ना, आई."

"सांडलं तर सांडंल. थेंबभर पानी हाय ते."

"थेंबभर असलं म्हनून काय झालं."

मंग मी बाकीच्या तिघींना एकेक टोक धराया दिलं. चारींचा अंगठा तिथंच. कुनी सांगितलेलं नाय, कुनी शिकवलेलं नाय. घळीतनं वर येताना हंड्यातलं पानी हिंदकळलं तर हात आपोआप काठावर जातो, तसा तो अंगठा. मी गवंड्याकडं कामाला जाताना घळ मागं सोडून गेले, म्हनून मला तो सोडाया जमला. ह्या तिथंच ऱ्हायल्या. मला तवा जो राग आला तसा मुरबाडच्या मुकादमाचाबी नव्हता आला. पानी कसं न सांडायचं हे ज्यांच्या हाडात गेलंय त्यांना हा सायेब बोलतो, विज्ञान हाय, तुमाला नाय कळायचं.

बायांना मी खुंटीखुंटीला बोलत गेले, अंगठा. दर खुंटीला बोलाया लागलं. संध्याकाळी टाकीपाशी आलो तवा पयल्या खुणेला दोन बोटांच्या फरकानं मिळालो. नातीनं हिशेब मांडला. आमचा पाडा टाकीच्या तळापेक्षा वर नाय, पुरुषभर खाली हाय.

दुसऱ्या दिशी माती लोटायचं पिवळं मशीन आलं. आमी पाच बाया चराच्या कडंला पाय आत सोडून बसलो. मशीनवाला खाली उतरला. "आजी, उठा ना. मला वरनं बोलनी बसतात."

"मलाबी बसलीत. बस तूबी, च्या घे."

त्यानं खरंच च्या घेतला आन फोन लावला. दुपारी सायेब आला. संगं लेवल बघायचं तीन पायांचं मशीन आन ते बघनारा एक जन. सायेब चराच्या पलीकडं उभा ऱ्हाऊन बोलला, "कुणी सांगितलं तुम्हाला हे सगळं?"

नात फुडं झाली. त्यानं तिला इचारलं शिक्षन काय. तिनं सांगितलं. त्याचा सूर बदलला, एकदम मॅडम. ती बोलली, "मॅडम नको. माप आजीनं आणलंय. तिच्याशी बोला."

मी त्याला खुंट्या दाखवत चालवला. टाकीपासनं पाड्यापातूर, उन्हातनं, माझ्या आखूड पायाच्या चालीनं. तो फुडं जाऊ बघायचा, मी बोलायचे थांबा, ही खुंटी ऱ्हायली. मागनं तीन पायांच्या मशीनचा मानूस माप घेत येत होता. पाड्यात पोचल्यावर त्यानं आकडा हळूच सांगितला. सायेब बोलला परत बघ. त्यानं परत बघितलं, तोच सांगितला. सायेबानं तिसऱ्यांदा स्वता डोळा लावला. मंग खिशातनं मोबाइल काढून त्यात बघाया लागला. त्यात काय आलेलं नव्हतं, मला दिसत होतं.

"कागदात थोडी गफलत झालेली दिसते," तो बोलला.

"कुनाची?"

"कागदात झाली, आजी."

"कागदाला हात असत्यात का?"

त्यानं कपाळाचा घाम पुसला. शेजारीन बोलली, सायेब, पानी घ्या, लांबनं आलाव. आन तिनं तांब्या दिला. अर्धा तांब्या. घळीतला. तो प्यायला.

आठवड्यानं एक कारकून आला. कागद आन शाईचा डबा. कार्यालयानं फेरतपासनी केली, उंची सुधारली, पाडा योजनेत घेतला, ग्रामस्थांची कसलीबी तक्रार नाय, असं लिवलेलं होतं. नातीनं वाचून दाखवलं. अंगठा पाहिजे होता माझा.

मी बोलले, "पयला पानी. मंग अंगठा."

"आजी, कागदाशिवाय काम थांबेल."

"पयल्या कागदानं थांबलंच होतं की."

पाड्यातली मानसं माझ्यावर चिडली. पोरगाबी बोलला, आये, दे ना टाकून अंगठा, पानी आलं म्हंजे झालं. त्याचं खोटं नव्हतं. दोन दिस घरात कोन माझ्याशी नीट बोललं नाय. मला भ्या वाटत होतं की माझ्या आडमुठेपनापायी पानी जाईल आन मंग ह्या बाया मला आयुष्यभर बोलतील, आन बरोबर बोलतील. पन ज्यानं आमचा पाडा डोंगरावर चढवला तो कागदात कुठंच नाय, ज्यांनी खाली उतरवला त्याबी नाय, आन तक्रार नाय असं माझ्याच अंगठ्यानं लिवायचं. अंगठा माझा हाय. मी नाय उठवला.

पाइपाच्या मुकादमाला पाऊस दिसत होता. त्यानं कागदाची वाट न बघता आमचा पाइप टाकला.

पानी आलं तवा पयली नळानं हवा खोकली. मंग तांबडा गाळ. मंग पानी. तोटी बसवायची ऱ्हायली होती, नुसता पाइप वर काढलेला. हंडे भरले, बादल्या भरल्या, पातेली भरली, तरी पानी येतच होतं. टाकीवरनं कोनीतरी येऊन बंद करीपातूर ते येनारच होतं.

तेवढ्यात कारकून परत आला, डबा घेऊन. "आजी, आता तर पाणी आलं."

"आलं. पन तक्रार हाय. ते लिव."

"तसा रकाना नाही यात."

"मंग पाड."

तो डबा बंद करून आमच्याच नळावर हात धुऊन गेला. तो कागद त्यानं कुनाच्या अंगठ्यानं पुरा केला ते मला ठावं नाय. केला असंलच.

मी मागं वळले तर सून पाइपापाशी उकिडवी बसलेली. भांडी सगळी भरलेली, पानी वायाच चाललेलं, आन तिनं पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरलेला. बाजूनं फवारे उडत होते, लुगडं भिजत होतं.

"अंगठा काढ गो," मी बोलले. "सांडू दे."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. अंगठा काय काढीना.